उचल मागणारा मुकादम कुणी पाहिलाय का?

न मागता आलेल्या कॉम्प्युटरच्या नोकरीला काय उत्तर द्यायचं
(रेडिओवरच्या बोलण्याचं लेखी रूप. गटाच्या बैठकीत मोठ्यानं वाचावं.)



केज तालुक्यात युसूफ वडगावच्या बाजूला एका बचत गटाच्या बैठकीला आम्ही बसलो होतो. हजेरी झाली, बचत गोळा झाली, हप्ते वहीत चढले. कर्जमागणीची वेळ आली तशी एक ताई म्हणाली, "मला अठरा हजार पाहिजेत. उद्या दुपारी बारापर्यंत भरायचेत."

गटात कर्ज कशासाठी मागतात ते आपल्याला माहीत आहे. बी-बियाणं, शेळी, दवाखाना, पोरांची फी. या ताईचं कारण नवीन होतं. "पोरीला पुण्याच्या कॉम्प्युटर कंपनीत नोकरी लागलीय. घरी बसूनच काम करायचं. कंपनी लॅपटॉप पाठवणार, त्याचं डिपॉझिट भरायचंय. पहिल्या पगारात परत देणारेत."

पोरगी बीसीए झालेली. अंबाजोगाईला रोज एसटीनं जाऊन-येऊन शिकली. तिनं या नोकरीसाठी अर्ज केलाच नव्हता. सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला, 'तुमची माहिती आम्हाला आवडली.' दुपारी चॅटवरच दहा प्रश्न विचारले. संध्याकाळी नेमणुकीचं पत्र आलं, वर एका मोठ्या कंपनीचं चिन्ह, खाली सही आणि गोल शिक्का.

बैठकीत लगेच दोन बाजू पडल्या. एकीनं म्हटलं, "द्या पैसे. गरिबाच्या पोरीचं भलं होतंय तर आडवं येऊ नका." दुसरी म्हणाली, "सगळी फसवाफसवी असते. आधी त्या पोरीच्या हातातला फोन काढून घ्या." पोरगी दाराशी उभी राहून हे सगळं ऐकत होती.

मैत्रिणींनो, आम्हाला या दोन्ही सल्ल्यांची भीती वाटली. पहिल्यानं पैसे जातात. दुसऱ्यानं पोरीचं शिक्षण वाया जातं. आजचं बोलणं या दोहोंच्या मधल्या वाटेबद्दल आहे. ओळख ना पाळख, अशा माणसानं नोकरी देतो म्हणून फोन केला, तर 'हो' म्हणायचं, 'नको' म्हणायचं की गप्प बसायचं, हे ठरवायचं कसं?

हा फोन करतो तरी कोण?

आधी एक गोष्ट पक्की समजून घेऊ. न मागता आलेला प्रत्येक फोन खोटा नसतो.

कॉम्प्युटरच्या कंपन्यांना माणसं लागतात, पण प्रत्येक कंपनी स्वतः माणसं शोधत बसत नाही. ते काम भरती करणाऱ्या लोकांना देतात. त्यांना कुणी एचआर म्हणतं, कुणी रिक्रूटर, कुणी कन्सल्टन्सीवाले. आपल्या लेकी 'नोकरी डॉट कॉम' किंवा 'लिंक्डइन' अशा ठिकाणी आपली माहिती भरून ठेवतात. भरती करणारे लोक ती यादी चाळतात. कुणाला काय येतं, कुठं राहते, किती शिकली, ते बघून फोन करतात. दिवसाला पन्नास-पन्नास फोन करणारेही असतात. म्हणून अर्ज न करताही खरा फोन येऊ शकतो.

या माणसाचं पोट कशावर चालतं, ते नीट लक्षात ठेवा. त्याला पैसे कंपनी देते. कुणाला पगार असतो, तर कुणाला माणूस लागला की त्याच्या वर्षाच्या पगाराच्या हिशेबानं कंपनी काही टक्के देते. नोकरी शोधणाऱ्याकडून त्यानं एक रुपयाही घ्यायचा नसतो. टीसीएस, इन्फोसिस, विप्रो अशा मोठ्या कंपन्यांनी तर उघडच सांगून ठेवलंय की आम्ही नोकरीसाठी कुणाकडूनही पैसे घेत नाही आणि आमच्या नावानं कुणाला घेऊ देत नाही.

मग दुसरा प्रकार येतो. त्याच याद्या, तेच नंबर चोरांच्याही हाती लागतात. कॉलेजच्या ग्रुपवरून नंबर जातात. भरतीच्या नावाखाली कुणीतरी फॉर्म फिरवतं, आपण भरतो, त्यातून जातात. म्हणून समोरच्याला पोरीचं नाव, कॉलेज, मार्क माहीत आहेत, एवढ्यावरून तो खरा ठरत नाही. यादी दोघांकडेही एकच असते.

मुकादमाची फूटपट्टी

या दोघांतला फरक ओळखायला आपल्याला कुणी इंग्रजी शिकवायला नको. बीड जिल्ह्यातल्या बाईइतकी भरतीची पारख कुणाला असणार? दसरा जवळ आला की मुकादम दारात येतो. तेव्हा आपण काय विचारतो? कोणाचा माणूस? कारखाना कोणता? गाव कुठलं? मागच्या साली याच्या टोळीत कोण गेलं होतं? कोयत्याला उचल किती? तोडणीचा भाव काय? पाणी, कोपी, लाकूडफाटा कसा? आणि ज्या घरची माणसं त्याच्याबरोबर जाऊन आली, त्या घरी जाऊन विचारल्याशिवाय आपण हो म्हणत नाही.

आता सांगा, उचल कोण देतं? मुकादम देतो. कष्ट करणाऱ्याला आधी पैसे मिळतात. पिढ्यान् पिढ्या ऊसतोडीला गेलेल्या आपल्या घरांत कुणी असा मुकादम पाहिलाय का, जो म्हणतो, "आधी तुम्ही मला अठरा हजार द्या, मग मी तुम्हाला फडात नेतो"? असा कुणी आला असता, तर आपण त्याला चहासुद्धा पाजला नसता.

फोनवरच्या नोकरीला हीच फूटपट्टी लावा. कामाचा पैसा मालकाकडून मजुराकडे येतो. जिथं तो उलटा वाहायला लागतो, तिथं थांबायचं. त्याला नाव काहीही दिलेलं असो. रजिस्ट्रेशन फी, ट्रेनिंग फी, लॅपटॉप डिपॉझिट, कागद तपासणीचा खर्च, गणवेशाचे पैसे, बँक खातं उघडायचा चार्ज. 'परत मिळणार' हा शब्द तर हमखास असतो. आधी थोडे मागतात, दीड-दोन हजार. ते भरले की पुढचे मागतात. मग आपण आधीचे बुडू नयेत म्हणून पुढचे भरत राहतो. दुसऱ्या एका गटातल्या एका बाईनं असंच करत कानातलं गहाण टाकलं. शेवटी तो नंबर बंद झाला तेव्हा तिला कळलं.

पण आपल्याला उचलीची दुसरी बाजूही माहीत आहे. उचल घेतली की माणूस बांधला जातो. फिटेपर्यंत सुटका नाही. म्हणून पैसे न मागणाऱ्याचेही कागद वाचायचे असतात. काही क्लासवाले फोन करून म्हणतात, 'आधी कोर्स करा, नोकरीची गॅरंटी आमची, फी महिन्याला थोडी थोडी द्या.' कागद नीट वाचला तर ती फी नसते, पोरीच्या किंवा बापाच्या नावावर काढलेलं कर्ज असतं. नोकरी लागो न लागो, हप्ता चालूच राहतो. कर्जाचा कागद कसा असतो ते आपल्या गटाला चांगलं कळतं. तो कागद गटात आणा, चारजणींनी वाचा, मगच सही करा.

आणखी एक सापळा आहे. 'दोन वर्षांच्या अनुभवाचा दाखला आम्ही करून देतो' असं सांगणारे भेटतात. कंपन्या नंतर जुन्या नोकरीची चौकशी करतात. दाखला खोटा निघाला की लागलेली नोकरी जाते, पोरीचं नावही खराब होतं. वशिल्यानं मागच्या दारानं आत घालतो म्हणणाऱ्यालाही हेच उत्तर, नको.

पाच प्रश्न

आता वही-पेन घ्या. फोन आला की लेकीनं हे पाच प्रश्न विचारायचे. आवाज गोड ठेवायचा, प्रश्न पक्का ठेवायचा.

पहिला प्रश्न. तुम्ही कोण आणि कोणत्या कंपनीसाठी बोलताय? कंपनीचं पूर्ण नाव, स्वतःचं पूर्ण नाव, आणि कंपनीच्या ई-मेलवरून निरोप पाठवा म्हणावं. मोठ्या कंपनीचं पत्र साध्या जीमेलवरून येत नाही. ई-मेलच्या पत्त्यात '@' या खुणेच्या पुढं कंपनीचं नाव बघायचं, आणि अक्षर न् अक्षर बघायचं. एखादं अक्षर बदलून हुबेहूब दिसणारा पत्ता करतात.

दुसरा प्रश्न. काम काय आहे? खरा माणूस कामाचा कागद पाठवतो. काय यायला पाहिजे, कुठं बसायचं, शिफ्ट कोणती, ते त्यात असतं. 'कामाचं नंतर सांगू, आधी रजिस्ट्रेशन करा' म्हणाला, तर बोलणं तिथंच थांबवा.

तिसरा प्रश्न. मी कुणाच्या पटावर असणार? हा प्रश्न खऱ्या नोकरीतही फार उपयोगाचा आहे. काम एका कंपनीत आणि पगार दुसऱ्या ठेकेदार कंपनीकडून, असं पुष्कळ असतं. त्यात वावगं काही नाही, पण आधी माहीत पाहिजे. ठेका किती महिन्यांचा, पीएफ कापणार का, सुट्टी किती, ते विचारून घ्यावं.

चौथा प्रश्न. हातात किती येणार? फोनवर वर्षाचा आकडा सांगतात. 'तीन लाखांचं पॅकेज' म्हणजे महिन्याला पंचवीस हजार हातात, असं नसतं. त्यातून पीएफ जातो. कधी ग्रॅच्युइटी त्यातच धरलेली असते, कधी काही रक्कम 'काम चांगलं झालं तर' अशी असते. त्यातून पुण्याचं खोलीभाडं, मेस आणि बसपास वजा करायचा. मगच परवडतं की नाही ते कळतं.

पाचवा प्रश्न. मुलाखत कोण घेणार, कधी, कुठं? समोरासमोर किंवा व्हिडिओवर माणूस दिसला पाहिजे. नुसत्या चॅटवर मुलाखत घेऊन त्याच दिवशी पत्र देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. प्रत्यक्ष बोलावलं तर कंपनीच्या कार्यालयात जायचं, लॉजवर किंवा कुणाच्या फ्लॅटवर नाही. पहिल्यांदा जाताना घरचं कुणी बरोबर असू द्या.

आणि या पाचांवर शेवटची कसोटी आहे. "मला दोन दिवस द्या, घरी विचारून सांगते," असं म्हणायचं. खरा माणूस म्हणेल, ठीक आहे, अमुक दिवशी फोन करतो. खोटा माणूस थांबू शकत नाही. 'शेवटची जागा आहे, तासाभरात भरा, नाहीतर दुसऱ्याला देऊ.' घाई हेच त्याचं हत्यार आहे. आपण चौघींशी बोललो की त्याचा डाव उघडा पडतो, हे त्याला माहीत असतं.

पत्र आलंच तर त्याची खातरजमा कशी करायची? त्या पत्रावरच्या नंबरवर फोन करायचा नाही. तो चोराचाच असणार, आणि तो म्हणणारच की पत्र खरं आहे. कंपनीची स्वतःची वेबसाइट उघडायची, तिथला नंबर किंवा ई-मेल घ्यायचा आणि तिथं विचारायचं. कंपनीची नोंद आहे का, ते केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या वेबसाइटवर दिसतं. पण नुसती नोंद असणं पुरेसं नाही. चोर खऱ्या कंपनीचंच नाव घेतो. म्हणून विचारायचं हेच, की हे पत्र तुम्हीच पाठवलंय का?

काय द्यायचं, काय नाही

शिक्षणाची आणि कामाची माहिती द्यायला हरकत नाही. त्यावरच तर नोकरी मिळते. पण पहिल्याच फोनला आधार, पॅन, बँक पासबुकाचा फोटो द्यायचा नाही. हे कागद खऱ्या नोकरीत लागतात, पण निवड झाल्यावर, पत्राची खातरजमा झाल्यावर. त्याआधी कुणी ओळख मागितलीच तर मास्क्ड आधार द्या. त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. आधारच्या वेबसाइटवरून ते फुकट काढता येतं.

ओटीपी कधीच सांगायचा नाही. पैसे मिळवायला पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. मुलाखतीसाठी म्हणून कुणी पाठवलेली फाईल किंवा मोबाईलची स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप घ्यायचं नाही.

दोन नोकऱ्यांना तर ऐकता क्षणी नकार द्यायचा. एक, 'घरबसल्या व्हिडिओ लाईक करा, रेटिंग द्या, रोज पैसे मिळवा.' सुरुवातीला शे-दोनशे खरंच देतात, मग मोठं काम पाहिजे तर आधी पैसे भरा म्हणतात. अशा कामांच्या नावानं लुटणाऱ्या शंभराहून जास्त वेबसाइट केंद्र सरकारनं डिसेंबर २०२३ मध्ये बंद केल्या. दुसरी, 'तुमचं बँक खातं वापरायला द्या, महिन्याला कमिशन देतो.' त्या खात्यावरून दुसऱ्याला लुटलेले पैसे फिरतात, आणि पोलीस खातेदाराच्या दारात येतात. बचत गटाचं किंवा स्वतःचं, कुठलंच खातं कुणाला भाड्यानं द्यायचं नाही.

तीन प्रकारची उत्तरं

मैत्रिणींनो, उत्तर न देणं हेही एक उत्तर आहे. पण ते प्रत्येक वेळी योग्य नसतं.

निरोप बरा वाटला आणि लेकीला रस असेल, तर तिनं लिहावं, 'आठवण केल्याबद्दल आभार. मला या कामाबद्दल जाणून घ्यायचं आहे. कामाचा कागद, कंपनीचं नाव, पगार आणि ठिकाण कंपनीच्या ई-मेलवरून पाठवा. वाचून दोन दिवसांत कळवते.' बस्स, एवढंच. इंग्रजीत लिहायचं असेल तर तिला जमेल तशा इंग्रजीत लिहावं.

निरोप खरा वाटतो, पण आत्ता जमत नाही. परीक्षा आहे, घरात आजारपण आहे, किंवा काम तिच्या शिक्षणाच्या बाहेरचं आहे. तेव्हा गप्प न बसता लिहावं, 'आत्ता शक्य नाही. जूननंतर असं काम निघालं तर जरूर कळवा.' दोन ओळींनी ओळख टिकते. तीच व्यक्ती सहा महिन्यांनी चांगलं काम घेऊन येऊ शकते. नाही म्हणताना खोटं कारण द्यायचं नाही, आणि 'येते' म्हणून मुलाखतीला न जाणंही बरं नाही.

आणि पैसे मागितले, घाई केली, ओटीपी मागितला, तर वाद घालत बसायचं नाही. 'तुम्ही चोर आहात' असं सुनवायचंही नाही. निरोपाचे फोटो काढून ठेवायचे, नंबर ब्लॉक करायचा. केंद्र सरकारच्या 'संचार साथी' वेबसाइटवर 'चक्षू' नावाची सोय आहे, तिथं असा नंबर कळवता येतो. आपण कळवलेल्या नंबरामुळे दुसऱ्या गावची पोरगी वाचते.

परदेशाची नोकरी म्हटली की दुप्पट सावध

हा भाग कान देऊन ऐका, कारण यात पैशाबरोबर माणूसही जातो.

सप्टेंबर २०२२ मध्ये भारताच्या परराष्ट्र मंत्रालयानं तरुणांना सावध केलं होतं. थायलंडमध्ये कॉम्प्युटरची चांगली नोकरी आहे, डिजिटल मार्केटिंगचं पद आहे, असं सांगून पोरांना नेत होते. जाहिराती सोशल मीडियावर, एजंट भारतातले आणि दुबईतले. थायलंडला उतरलं की पोरांना चोरून म्यानमारच्या हद्दीत न्यायचे. तिथं कुंपणाच्या आत कोंडून, जगभरच्या लोकांना ऑनलाइन फसवायचं काम करून घ्यायचे. पासपोर्ट काढून घेतलेला, नकार दिला तर मारहाण.

मार्च २०२५ मध्ये भारत सरकारनं हवाई दलाची विमानं पाठवून दोन दिवसांत ५४९ भारतीयांना तिथून परत आणलं. पुढच्याच महिन्यात महाराष्ट्र सायबर या आपल्या राज्याच्या पोलीस विभागानं साठहून जास्त भारतीयांची म्यानमारमधून सुटका केल्याचं आणि या प्रकरणात काहींना अटक केल्याचं जाहीर केलं. त्यांनाही सोशल मीडियावरून, थायलंडच्या चांगल्या पगाराच्या नोकरीचं आमिष दाखवूनच नेलं होतं.

उचल फिटेपर्यंत फडातून हलू न दिलेल्या माणसांच्या गोष्टी आपण ऐकल्यात. ही गोष्ट त्याच जातीची, फक्त तिथं हाक मारली तर ऐकायला आपलं माणूस नाही.

म्हणून परदेशाचं नाव निघालं की तीन गोष्टी बघायच्या. एक, एजंट सरकारकडे नोंदलेला आहे का? परदेशी नोकरीसाठी भरती करायला १९८३ च्या कायद्याप्रमाणे परवाना लागतो. परवानाधारकांची यादी परराष्ट्र मंत्रालयाच्या 'ई-मायग्रेट' वेबसाइटवर आहे. दोन, पैसे किती मागतो? इथं मात्र परवानाधारक एजंटला सेवाशुल्क घेता येतं, पण नियमानं ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच, आणि पावती देऊन. लाखाच्या गोष्टी करणारा नियम मोडतोय. तीन, व्हिसा कोणता? 'आत्ता फिरायच्या व्हिसावर जा, तिथं गेल्यावर बदलून देऊ' म्हणाला, तर जायचं नाही. फिरायच्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. शंका असेल तर सरकारचा फुकट नंबर आहे, १८०० ११ ३०९०. परदेशी जाणाऱ्यांना आणि तिथं अडकलेल्यांच्या घरच्यांना तिथं माहिती मिळते.

पैसे गेलेच असतील तर

आधी पोरीला रागावू नका. आम्ही हे मुद्दाम पहिल्यांदा सांगतो. शिकलेली, नोकरीतली, शहरातली माणसंही यात फसतात. मारलं, बोललं, तर पुढच्या वेळी ती सांगणारच नाही, आणि लपवण्यात वेळ गेला की पैसे हाती लागत नाहीत.

लगेच १९३० या नंबरवर फोन करा. पुन्हा सांगतो, एक, नऊ, तीन, शून्य. सायबर फसवणुकीसाठी हा देशभर एकच नंबर आहे. चोराच्या खात्यातून पैसे पुढं सरकायच्या आत कळवलं, तर ते खात्यातच अडवता येतात. म्हणून उद्यावर ढकलू नका, तासाभरात करा. बँकेलाही कळवा. मग केंद्र सरकारच्या सायबर क्राइम वेबसाइटवर तक्रार नोंदवा. पैसे पाठवल्याचा संदेश, व्यवहाराचा नंबर, चॅटचे फोटो, आलेलं पत्र, सगळं जपून ठेवा. भीतीनं चॅट पुसून टाकू नका, तोच पुरावा असतो.

पोलीस ठाण्यात जायला संकोच करू नका. युसूफ वडगावला ठाणं आहे, आपल्या भागाला केजपर्यंत जायचीही गरज नाही. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याप्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, कुठल्याही ठाण्यात खबर देता येते. गुन्हा नोंदला की एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्यायची. एकटीला जायची भीती वाटत असेल तर गटातल्या दोघी-तिघी बरोबर जा.

त्या बैठकीत पुढं काय झालं?

त्या ताईच्या अठरा हजारांचं काय झालं, ते राहिलंच. गटाच्या अध्यक्ष अक्का शांतपणे म्हणाल्या, "कर्ज नाही म्हणत नाही. पण उद्या बारा वाजायला अजून वेळ आहे. आधी पोरीला आत बोलवा."

पोरगी आत येऊन बसली. तिच्याच फोनवर त्या कंपनीची खरी वेबसाइट उघडली. तिथं लिहिलंच होतं की आम्ही भरतीसाठी पैसे घेत नाही. तिथल्या पत्त्यावर तिनं स्वतः ई-मेल लिहिला, पत्र जोडलं. दुसऱ्या दिवशी साडेदहाला उत्तर आलं, हे पत्र आमचं नाही. बारा वाजता 'एचआर मॅडम'चा फोन आला. पोरगी म्हणाली, "डिपॉझिट पगारातून कापून घ्या." फोन कट झाला, तो पुन्हा लागला नाही.

गटाचे अठरा हजार वाचले. पण पोरगी दोन दिवस जेवली नाही. नोकरीचा आनंद तिनं कॉलेजच्या मैत्रिणींना सांगून टाकला होता. पैशाचं नुकसान वहीत दिसतं, हे कुठल्याच वहीत दिसत नाही. त्या दोन दिवसांत तिच्याकडे कुणी गेलं असेल, तर त्याच अक्का गेल्या.

आणि दोन महिन्यांनी पुन्हा एक फोन आला. पुन्हा अनोळखी बाई, पुन्हा न मागता. घरात सगळे म्हणाले, "ब्लॉक कर." आई सुद्धा म्हणाली. पोरीनं मात्र ते पाच प्रश्न विचारले. पलीकडच्या बाईनं पाचही उत्तरं दिली, कागद कंपनीच्या ई-मेलवरून पाठवला, मुलाखतीला चार दिवसांनंतरची तारीख दिली. व्हिडिओवर दोन मुलाखती झाल्या. काम ठेकेदार कंपनीच्या पटावर अकरा महिन्यांचं, पगार साधाच. पत्राची खातरजमा तिनंच केली. कुणी एक रुपया मागितला नाही. आता ती पुण्यात दोन मैत्रिणींबरोबर खोली करून राहते.

त्या दिवशी बैठकीत तिचा फोन काढून घेतला असता, तर हा दुसरा फोन कुणी उचलला असता?

मैत्रिणींनो, लेकीच्या फोनवर कुलूप लावून ती सुरक्षित होत नाही. तिला पारख शिकवली की ती सुरक्षित होते. ती पारख आपल्याकडे आहेच. उसाच्या फडात जाण्याआधी आपण जे विचारत आलो, तेच तिला कॉम्प्युटरच्या नोकरीआधी विचारायचंय. आणि विचारायला वेळ लागतो म्हणून जी नोकरी पळून जाते, ती नोकरी नव्हतीच.

गटात बोलण्यासाठी

१. आपल्या गावात कुणाला असा फोन आला होता का? तेव्हा काय केलं? सांगणाऱ्या बाईला कुणी हसायचं नाही.
२. पाच प्रश्न एका कागदावर लिहून गटाच्या वहीत चिकटवा. १९३० हा नंबर ठळक लिहा.
३. नोकरीसाठी पैसे भरायचेत म्हणून कुणी कर्ज मागितलं, तर पत्राची खातरजमा झाल्याशिवाय पैसे सोडायचे नाहीत, असा ठराव आपल्या गटाला करता येईल का? चर्चा करा.
४. गावात शिकलेल्या किती मुली घरी बसून आहेत? त्यांची नावं 'महास्वयम्' या राज्य सरकारच्या आणि 'नॅशनल करिअर सर्व्हिस' या केंद्राच्या वेबसाइटवर फुकट नोंदवता येतात. पुढच्या बैठकीला त्यांना बोलवा आणि एकमेकींच्या फोनवर नोंदणी करून टाका.